इंडस्ट्रियल व्हिजिट, इंटर्नशिप, हॅकेथॉन: यामुळे अभ्यासात खरंच मन लागतं का?

"इंजिनिअरिंगला आलो खरं, पण अभ्यासात मनच लागत नाही." सेकंड इयरच्या मुलामुलींकडून हे वाक्य मी सारखं ऐकतो. त्यावर कॉलेजचं ठरलेलं औषध म्हणजे इंडस्ट्रियल व्हिजिट, इंटर्नशिप, हॅकेथॉन. पण हे औषध काहींना लागू पडतं, तर काही जण बसमधले सेल्फी घेऊन परत येतात. असं का होतं? आज तेच सोप्या भाषेत समजून घेऊया.

शिकावंसं वाटायला काय लागतं?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या मते, आतून आवड टिकायला तीन गोष्टी लागतात:

१. थोडं स्वतःच्या मनाने ठरवता येणं
२. "हे मला जमतंय" असं वाटणं
३. सोबतच्या माणसांशी नातं जुळणं

आता नेहमीची व्हिजिट आठवा. साठ मुलं, एका रांगेत चालायचं, मशीनच्या आवाजात माहिती देणाऱ्याचं काही ऐकू येत नाही, शेवटी चहा-समोसा आणि ग्रुप फोटो. तिन्हीपैकी एक तरी गोष्ट मिळाली का?

७ मायक्रॉनची गोष्ट

मी मेकॅनिकलचा. 'लिमिट्स, फिट्स अँड टॉलरन्स' हा धडा आमच्या वर्गात पाच मार्कांसाठी पाठ व्हायचा. सुट्टीत मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये महिनाभर जात होतो. तिथल्या ऑपरेटर काकांनी हातात एक शाफ्ट दिला आणि म्हणाले, "माप घे रे." ड्रॉइंगवर होतं २५ मिमी, जी६. मायक्रोमीटरने दाखवलं २४.९९८. काका म्हणाले, "रिजेक्ट! का ते उद्या तू मला सांगायचं."

रात्री तोच धडा उघडला. २५ मिमीच्या जी६ शाफ्टचं माप २४.९८० ते २४.९९३ मिमी यामध्येच हवं. तो ज्या एच७ भोकात बसतो, ते २५.००० ते २५.०२१ मिमी असतं. म्हणजे भोक सगळ्यात लहान आणि शाफ्ट सगळ्यात मोठा असला, तरी ७ मायक्रॉनची फट उरते. त्या फटीत तेल राहतं आणि शाफ्ट मोकळा फिरतो. आमच्या शाफ्टला अशा वेळी फक्त २ मायक्रॉन उरले असते. फिरता फिरता तो जाम होऊ शकला असता.

दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, तर काकांनी पुढच्या लॉटची तपासणी माझ्याकडेच सोपवली. उत्तर मी शोधलेलं, काम मला जमलेलं, आणि काकांचा विश्वास. तिन्ही गोष्टी एकदम मिळाल्या. तो धडा मला आजही तोंडपाठ आहे.

सर्टिफिकेटचा सापळा

डेसी यांनी १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सोमा नावाचं कोडं सोडवायला दिलं. काही जणांना त्याचे पैसे दिले. पैसे बंद झाल्यावर त्याच मुलांचा कोड्यातला रस कमी झालेला दिसला. इंटर्नशिपचंही तसंच होऊ शकतं. फक्त सर्टिफिकेटसाठी केली, तर सर्टिफिकेट मिळालं की विषय संपला.

मग तुम्ही काय करायचं?

- जाण्याआधी: तुमच्या सिलॅबसमधला एक धडा निवडा आणि त्यावरचे तीन प्रश्न फोनमध्ये लिहून ठेवा.
- तिथे गेल्यावर: साहेबांइतकंच ऑपरेटरशीही बोला. "इथे माल रिजेक्ट का होतो?" हा प्रश्न नक्की विचारा. फोटो काढायचा असेल तर आधी परवानगी घ्या.
- परत आल्यावर: त्याच दिवशी तो धडा पुन्हा वाचा. १९०६ मध्ये हर्मन श्नायडर यांनी सिनसिनाटी विद्यापीठात को-ऑप शिक्षण सुरू केलं, त्यात हीच युक्ती होती: आलटून पालटून वर्ग आणि कारखाना.
- इंटर्नशिप निवडताना: "मला रोज नेमकं काय काम असेल?" हे आधीच विचारा. उत्तर गोलमोल आलं, किंवा इंटर्नशिपसाठी तुमच्याकडेच पैसे मागितले, तर सरळ दुसरीकडे बघा.

मोठ्या कंपनीचं गेट बघितलं म्हणून अभ्यासाची आवड लागत नाही. गल्लीतल्या वर्कशॉपमध्येही एक खरा प्रश्न हातात पडला आणि त्याचं उत्तर तुमच्याच पुस्तकात सापडलं, की पुस्तक आपोआप उघडावंसं वाटतं. पुढची व्हिजिट कधी आहे तुमची? प्रश्न आजच लिहायला घ्या!