तांदळाच्या पानांच्या सुरळ्या : कणी, झिंगे व फळें यांचा एक घरगुती पदार्थ

भंडारा जिल्हा तळ्यांचा व धानाचा, हें सर्वश्रुत आहे. लाखांदूर तालुक्यांतील दिघोरी व तिच्या भोंवतालचीं गांवें याच प्रदेशांत मोडतात. चढाला तळें, तळ्याच्या पाळीखालीं धानाच्या बांध्या, तळ्यांत मासळी व झिंगे, आणि पाण्याच्या पाठीवर पसरलेला शिंगाड्याचा वेल, ही येथील जुनी रचना होय. कार्तिक-मार्गशीर्षांत धान खळ्यावर येतें, त्याच सुमारास तळ्याचें पाणी उतरूं लागून झिंगे जाळ्यांत सांपडतात, बाजारांत शिंगाड्याच्या टोपल्या दिसतात, परसांतील पेरू पिकतात आणि नागपूरकडील आंबिया बहाराचीं संत्रीं स्वस्त होतात. इतकें सर्व एकाच महिन्यांत हातीं येत असतां आमच्या ताटांत मात्र तांदळाचा भात, झिंग्यांचा रस्सा आणि फळ झालेंच तर मुलांच्या हातांत, याहून निराळी योजना क्वचित् दिसते. प्रस्तुत लेखांत या सर्वांस एकत्र आणणाऱ्या एका पदार्थाची माहिती देण्याचें योजिलें आहे.

व्हिएतनाम देशांत हा पदार्थ फार प्रचारांत आहे. तांदळाच्या पिठाचें कागदासारखें पातळ पान करून त्यांत उकडलेले झिंगे, हिरवा पाला, कांकडी व कधीं फळाच्या फोडी घालतात, आणि सुरळी करून तिखट-आंबट पाण्याशीं खातात. सुरळी तळीत नाहींत. तेल जवळजवळ लागतच नाहीं. हल्लीं नागपूर, पुणें, मुंबई येथील मोठ्या दुकानांत अशीं वाळलेलीं पानें परदेशांतून वेष्टनांत बांधून येतात व महाग विकलीं जातात. जो जिल्हा स्वतः तांदूळ पिकवितो, त्यानें तांदळाचें पान समुद्रापलीकडून आणावें, हें थोडें नवलाचेंच म्हटलें पाहिजे.

कारण ही कृति आपल्या स्त्रियांस मुळींच अपरिचित नाहीं. साळपापड्या घालणाऱ्या घरांत भिजविलेल्या तांदळाचें पातळ पीठ ताटलीवर अथवा पानावर पसरून, वाफवून, त्याची साल सोलावी तशी पापडी सोडवून घेतात व उन्हांत घालतात. कोंकणांतील फेण्या याच जातीच्या. या पापड्या आपण वाळवून तळतों. व्हिएतनामी गृहिणी त्या ओल्या असतांनाच किंवा वाळल्यावर पाण्यांत भिजवून गुंडाळावयास घेते. फरक एवढाच. साळपापड्या घालतांना पहिली वाफाळलेली पापडी मुलांनीं मागून खावी व घरच्या आजीनें रागवावें, हा प्रकार ज्यांनीं पाहिला असेल त्यांस तिची चव निराळी सांगावयास नको.

आणखी एक उदाहरण आपल्याच पाण्याच्या वाटेवर आहे. वैनगंगा वर्धेस मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीस मिळते, आणि त्या गोदावरीच्या मुखाकडील आंध्र प्रदेशांत आत्रेयपुरम् नांवाचें गांव आहे. तेथील स्त्रिया पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर पातळ पिठांत बुडविलेलें फडकें ओढून कांद्याच्या सालीसारखा तांदळाचा पापुद्रा काढतात व त्यांत तूप आणि साखर किंवा गूळ घालून घडी करतात. त्यास पूतरेकुलु म्हणतात. या घरगुती धंद्यावर तेथील पुष्कळ कुटुंबांची उपजीविका चालते, व २०२३ सालीं या पदार्थास भौगोलिक मानांकनहि मिळालें.

आतां धान्याविषयीं. या कामास अखंड, वेंचक तांदूळ खर्चण्याचें कारण नाहीं. गिरणींत धान भरडतांना जी कणी पडते ती अगदीं योग्य. कारण ती शेवटीं वाटावयाचीच असते. सरकारी भरडाईंत १०० किलो धानाला ६७ किलो तांदूळ असा हिशेब धरतात, व त्या तांदळांतहि तुटलेला दाणा बराच असतो. शेतकऱ्याच्या घरीं ही कणी कोंबड्यांस जाते किंवा मिळेल त्या भावानें विकली जाते. तिचें पान केलें तर तोच दाणा दुसऱ्या किंमतीचा होतो.

मात्र कोणतीहि कणी चालत नाहीं. ज्या तांदळाचा भात मोकळा होतो त्याचें पान बळकट होतें. ज्याचा भात चिकट होतो त्याचें पान ओलें असतां हातास चिकटतें व गुंडाळतांना फाटतें. तांदळाच्या सत्त्वांत ॲमायलोज नांवाचा जो घटक असतो तो अधिक असल्यास शिजलेलें पीठ थंड होतांना घट्ट पडदा धरतें, हें त्याचें कारण. म्हणून सुवासिक चिन्नोर या कामीं घालूं नये. त्याचा मान भाताचा आहे. तसेंच नव्या धानाचा तांदूळ चिकटतो, हें प्रत्येक घरांत ठाऊक आहे. झिंगे व शिंगाडे नव्या हंगामाचे घ्यावे, परंतु कणी गेल्या वर्षाची, जाड धानाची असावी.

पाव किलो कणी दोन-तीन वेळां धुऊन रात्रभर भिजवावी. साबुदाणा ५० ग्रॅम निराळा भिजवावा. तो टॅपिओकाच्या सत्त्वाचाच असल्यामुळें पानास लवचिकपणा येतो. सकाळीं दोन्ही मिळून अगदीं गंधासारखें वाटावें व फडक्यांतून गाळावें. रवाळ राहिलें तर पानास भोंकें पडतात. चिमूटभर मीठ घालून एकंदर पाणी पाऊण लिटरच्या आसपास होईल असें करावें. पीठ दुधाइतकें पातळ दिसलें पाहिजे. बायकांना भजीं-धिरड्यांच्या पिठाची संवय असते, त्यामुळें प्रथम हें पीठ फारच पातळ झालें असें वाटतें, परंतु तें तसेंच असावें. पीठ खालीं बसतें, याकरितां प्रत्येक पळीच्या वेळीं तें ढवळणें अवश्य आहे.

पसरट पातेल्यांत पाणी खळखळ उकळूं द्यावें. सपाट बुडाच्या ताटलीस तेलाचा हात पुसावा, पळीभर पीठ घालून ताटली फिरवावी म्हणजे तें सर्वत्र सारखें बसतें, आणि ती पाण्यावर तरंगत ठेवून वर झांकण घालावें. एक ते दोन मिनिटांत पांढरें पीठ पारदर्शक होऊन मध्यें फुगवटा येतो. ताटली काढून तिचें बूड थंड पाण्यावर टेकवावें व कडेनें सुरी फिरवून पान सोडवावें. दोन ताटल्या असल्या कीं एक वाफेवर व एक हातीं, असें काम चालतें. वर दिलेल्या मापांत लहान ताटलीचीं सुमारें वीस पानें निघावींत. व्हिएतनामी पद्धत याहून जलद आहे: पातेल्याच्या तोंडावर सुती कापड ढोलासारखें ताणून बांधतात, कडेला पाणी घालण्यापुरती फट ठेवतात, आणि कापडावरच पीठ पसरून पान बांबूच्या पातळ कामटीनें उचलतात. ज्यांस पुष्कळ पानें करावयाचीं असतील त्यांनीं ही रीत करून पाहावी. कामट्या आपल्याकडे दुर्मिळ नाहींत.

तीं वाळवून ठेवावयाचीं असल्यास बांबूच्या ताटीवर कोंवळ्या उन्हांत घालावीं. भर दुपारच्या उन्हांत व कोरड्या वाऱ्यांत पान कडेनें आखडतें आणि मधोमध तडकतें. याविषयीं व्हिएतनामांतील ताय निन्ह प्रांताची एक युक्ति ध्यानांत घेण्यासारखी आहे. तेथें वाळलेलीं पानें पहांटेच्या दंवांत उघडीं ठेवून नरम करतात, व तशीं पानें पाण्यांत न भिजवितांच गुंडाळतां येतात. आपल्याकडेहि मार्गशीर्षांत तळ्याकांठच्या गांवीं दंव विपुल पडतें.

आतां झिंगे. तळ्यांतील बारीक झिंगे जिवंत किंवा नुकते काढलेले घ्यावे. ज्यांचें डोकें सैल होऊन लोंबतें व ज्यांस अमोनियासारखी उग्र घाण येते ते टाकावे. डोकें व टरफल काढावें. मोठा झिंगा असल्यास पाठीवर चीर देऊन आंतील काळा दोरा ओढून घ्यावा. हळद व मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यांत दोन-तीन मिनिटें ठेवल्यावर ते तांबूस व आंतपर्यंत अपारदर्शक होतात. अधिक वेळ ठेविल्यास रबरासारखे होतात. लगेच निथळून ताटांत पसरावे.

येथें एक इशारा स्पष्ट शब्दांत देणें जरूर आहे. कांहीं देशांत कच्ची मासळी लिंबाच्या रसांत मुरवून खातात. तळ्याच्या मासळीस, झिंग्यांस व खेंकड्यांस हा प्रकार कदापि लावूं नये. गोड्या पाण्यांतील जिवांत यकृताचे व फुप्फुसाचे जंतविकार उत्पन्न करणाऱ्या कृमींचीं पिलें असूं शकतात, आणि लिंबाच्या रसानें झिंगा नुसता पांढरा दिसतो, शिजत नाहीं. शिंगाड्याचेंहि तसेंच. त्याच्या सालीस आंतड्यांतील एका मोठ्या चपट्या कृमीचीं पिलें चिकटलेलीं असतात व दांतांनीं साल सोलतांना तीं पोटांत जातात. बिहारसारख्या प्रांतांत हा रोग आढळला आहे. मुलें तळ्याच्या पाळीवर बसून कच्चा शिंगाडा दांतांनीं फोडतात, ही संवय मोडली पाहिजे. शिंगाडा सालीसकट उकळून मग सोलावा. तसेंच झिंगे खाल्ल्यानें ज्यांच्या अंगावर गांधी उठतात किंवा घसा दाटतो त्यांनीं ते मुळींच घेऊं नयेत. शाकाहारी घरांत झिंग्यांऐवजीं उकडलेला शिंगाडाच घालावा. त्याचा गोडवा पानांत चांगला लागतो.

फळ कोणतें घ्यावें हें हंगामावर सोंपवावें, फक्त तें कडक असावें. अर्धवट पिकलेला पेरू बिया काढून लांब कापल्यास उत्तम. संत्र्याच्या फोडींवरील पापुद्रा काढून त्या थोडा वेळ निथळूं द्याव्या व सुरळींत मधोमध, पाल्याच्या आड ठेवाव्या; रस पानास लागला कीं पान विरघळतें. वैशाखांत पाडाचा आंबा या कामीं फारच रुचकर. अननस किंवा कच्ची पपई झिंग्यांबरोबर घालून ठेवूं नये. त्यांच्या रसांत मांस विरघळविणारें द्रव्य असतें.

केळीचें पान ओलें करून त्यावर तांदळाचें पान पसरावें. वाळलेलें असल्यास कोमट पाण्यांत क्षणभर बुडवून काढावें. तें हातांतच नरम होऊं लागतें. अलीकडच्या कडेस कोथिंबीर व पुदिना, त्यावर कांकडी, फळ, शिंगाड्याचे काप, व थोडें पुढें झिंग्यांची ओळ मांडून दोन्ही बाजू आंत दुमडाव्या व घट्ट सुरळी वळावी. झिंगे शेवटीं येत असल्यामुळें त्यांचा तांबडा रंग पानांतून बाहेर दिसतो. तोंडीलावण्यास चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, ठेंचलेला लसूण व भिवापुरी मिरची पुरे. कोहळी लोकांनीं या भागांत तळ्यांबरोबर उंसहि वाढविला, तेव्हां गुळासाठीं दूर पाहावयास नको. सुरळ्या केल्यावर दोन तासांच्या आंत खाव्या. शेतावर शिदोरी म्हणून नेऊं नयेत. शिजलेला तांदूळ व झिंगे दोन्ही उष्म्यांत लवकर बिघडतात.

हा सर्व विचार तळें जिवंत असेल तरच. मालगुजारी तळीं १९५० च्या कायद्यानंतर सरकारकडे गेलीं. मासेमारी ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांकडे आली. परंतु गाळ व बेशरमाचें रान अनेक तळ्यांत वाढत राहिलें. त्याहून सूक्ष्म हानि आपल्या बांध्यांतूनच होते. तुडतुडे व खोडकिडा यांवर जीं औषधें फवारतात, त्यांपैकीं सायपरमेथ्रिनच्या वर्गांतील औषधें झिंग्यांस अत्यल्प प्रमाणांतहि मारक आहेत, कारण किडा व झिंगा हे प्राणिशास्त्रांत एकाच मोठ्या घराण्याचे. वरच्या बांध्यांचें पाणी खालच्या तळ्यांत उतरतें, आणि ढिवराच्या जाळ्यांत झिंगा कां येत नाहीं याचें उत्तर कधीं कधीं आपल्याच फवारणीपंपांत असतें. कीड आर्थिक नुकसानीच्या मर्यादेस पोंचल्यावांचून फवारूं नये. फवारल्यावर कांहीं दिवस बांधीचें तोंड बंद ठेवावें. पंप तळ्यांत किंवा नाल्यांत धुऊं नये. एवढें पाळण्यास पैसा लागत नाहीं.

विक्रीचा विचार करावयाचा झाल्यास तो वाळलेल्या पानांपुरताच करावा, तयार सुरळ्यांचा नव्हे. महिला बचत गटांनीं अन्न नोंदणी करून, पानें पूर्ण वाळवून, कोरड्या डब्यांत बंद केल्यास तीं कित्येक महिने टिकतात, व साकोलीवरून नागपूरचा रस्ता सरळ आहे. आरंभीं एक किलो कणी घेऊन पानें करावीं, आणि किती निघालीं, किती तडकलीं, सरपण किती लागलें, दोन बायकांचे किती तास गेले, हें वहींत टिपावें. भाव ठरवितांना पुष्कळ घरीं कणी व साबुदाणा धरतात, पण सरपण आणि बाईचा वेळ फुकटांत मोजतात. तसा हिशेब मांडूं नये.