‘येसू’ या स्त्रीनामाचा उगम व जुन्या कागदांतील त्याचें वाचन

‘येसू’ हें नांव महाराष्ट्राच्या इतिहासांत छत्रपति संभाजी महाराजांच्या राणीमुळें अजरामर झालें आहे. इ. स. १६८९ च्या नोव्हेंबरांत रायगड मोंगलांच्या हातीं गेला, तेव्हां येसूबाई व बाल शाहू हीं कैदेंत पडलीं. शाहू १७०७ सालीं सुटले. येसूबाईंस मात्र स्वदेशीं परतावयास १७१९ साल उजाडावें लागलें. इतक्या विख्यात नांवाच्या अर्थाची चौकशी क्वचितच होते. उलट, जुने कागद नकलून घेतांना ‘येसू’ हें ‘यशोदा’ चें अशुद्ध रूप समजून तें ‘शुद्ध’ करण्याचा मोह होतो. हा मोह कां आवरावा, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या नांवाचें मूळ संस्कृत ‘यशस्’ म्हणजे कीर्ति, हें होय. ‘यशोदा’ म्हणजे यश देणारी व ‘यशवंती’ म्हणजे यश असलेली. संस्कृतांतील आद्य ‘य’ चा प्राकृतांत ‘ज’ होतो. यव–जव, यात्रा–जत्रा हीं त्याचीं घरगुती उदाहरणें. या नियमानें ‘यशस्’ चें ‘जस’ झालें व उत्तरेंत ‘जसोदा’, ‘जसवंत’ हीं नांवें रूढ झालीं. ‘येसू’ मध्यें ‘य’ कायम आहे. त्यावरून तें प्राकृताच्या वाटेनें आलेलें नसून, संस्कृत नांवच लोकांच्या तोंडीं झिजून बनलेलें आहे, असें म्हणावें लागतें. ही झीज नियमबाह्य नाहीं. ‘य’ पुढील अकाराचा बोलण्यांत एकार होतो, जसें यमाई–येमाई. व ‘श’ चा ‘स’ होतो, जसें देश–देस. अशा रीतीनें ‘यश’ चें ‘येस’ झालें. त्यास ‘जी’ हा आदरार्थी प्रत्यय लागून पुरुषाचें ‘येसाजी’ बनलें. शिवछत्रपतींचे सहकारी येसाजी कंक व कुलाब्याच्या कान्होजी आंग्र्यांचे पुत्र येसाजी हीं प्रसिद्ध उदाहरणें होत. स्त्रीनामांत लाडका ऊकार येऊन ‘येसू’ झालें. यमुना–यमू, गंगा–गंगू, भागीरथी–भागू हीं त्याचीं भावंडें.

‘येशी’ हें रूपही निराळें नव्हे. ईकारापूर्वीं मराठींत ‘स’ चा ‘श’ होतो, जसें म्हैस–म्हशी. तेव्हां येशी, येसू व येसूबाई हीं एकाच नांवाचीं रूपें आहेत. वडिलांच्या हाकेंतील, घरांतील व लौकिकांतील, एवढाच भेद.

या किनाऱ्यावर ध्वनिसाम्यापासून विशेष सावध राहिलें पाहिजे. रेवदंडा (चौल) येथें १५२१ पासून १७४० पर्यंत पोर्तुगीजांचें ठाणें होतें, व कोर्लईस ख्रिस्ती वस्ती अद्याप आहे. म्हणून तिकडील कागदांत ‘येसू’ दिसल्यास कोणास ख्रिस्ती संबंधाचा भास होईल. पण पोर्तुगीज अमलांतील मराठी ख्रिस्ती वाङ्मयांत, उदाहरणार्थ स्टीफन्सच्या १६१६ मध्यें छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणां’त, ख्रिस्ताचें नांव ‘जेजू’ असें येतें. ‘येशू’ या रूपाचा प्रसार एकोणिसाव्या शतकांतील बायबलच्या मराठी भाषांतरांनीं केला. येसूबाई त्यापूर्वींच्या आहेत. याच किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाजांत शमुवेलचें ‘सामाजी’ व यहेज्केलचें ‘हसाजी’ झालें. १७९६ सालीं मुंबईंत सभास्थान बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे त्याचें उदाहरण. सारांश, केवळ नांवाच्या घडणीवरून जात वा धर्म ठरवूं नये; गांव, बाप व साल पाहावें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मोडींत ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाहीं. तेव्हां ‘येसु’ व ‘येसू’ यांतील फरकास महत्त्व नाहीं. परंतु ‘येसू’ च्या जागीं ‘यशोदा’ लिहिल्यास दुहेरी दोष घडतो. पहिला असा कीं, ‘येसू’ हें यशोदेचें तसेंच यशवंतीचेंही घरगुती रूप होऊं शकतें. नकलकार त्यांतील एक निवडून कागदांत नसलेली निश्चिति निर्माण करतो. दुसरा दोष याहून मोठा. विवाहसमयीं वधूचें नांव पालटण्याची चाल आपल्याकडे असल्यामुळें माहेरच्या व सासरच्या कागदांत एकाच स्त्रीचीं दोन नांवें येऊं शकतात. अलिबागेस कांहीं काळ राहिलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी या माहेरच्या यमुना होत. अशा दोन नांवांत नकलकारानें तिसऱ्याची भर घातली, तर एका स्त्रीच्या तीन स्त्रिया होतात, किंवा दोन स्त्रियांची एक होते.

राजपदावरील स्त्रीसही हा धोका चुकत नाहीं. येसूबाईंची म्हणून जी मुद्रा प्रसिद्ध आहे, तींत ‘श्री सखी राज्ञी जयति’ एवढींच अक्षरें आहेत, नांव नाहीं. मग सामान्य घरांतील लेकीसुनांची कथा काय? दानपत्रांत, वाटणीपत्रांत किंवा वंशावळींत एखादें ‘येसू’ हेंच त्यांच्या अस्तित्वाचें एकमेव चिन्ह असूं शकतें. यास्तव संग्राहकांनीं कागदांत असेल तेंच अक्षर नकलेंत ठेवावें व आपला तर्क कंसांत निराळा द्यावा. तर्क पुढें बदलतां येतो. पुसलेलें अक्षर परत मिळत नाहीं.