चाकाची तारीख : जुन्या एकासनी रेसकारची योग्य चाके कशी ओळखावीत

जुन्या रेसकारची चाके काळाला धरून आहेत की नाहीत, हे ठरवण्यासाठी गाडीचे निर्मितीवर्ष पुरेसे नसते. शर्यतीच्या गाडीची चाके बदलण्यासाठीच असतात. टायरची नवी जात आली, ब्रेक मोठे झाले किंवा नियम बदलला, की त्याच सांगाड्यावर वेगळी चाके चढतात. गाडी कोणत्या शर्यतीतल्या किंवा कोणत्या मोसमातल्या रूपात उभी केली आहे, हे आधी ठरवावे लागते. चाकाचा निवाडा त्यानंतरचा.

लोटस २५ या गाडीवरून ही गोष्ट नीट कळते. मे १९६२ मध्ये झान्डफूर्ट येथील डच ग्रांप्रीत ती प्रथम धावली आणि १९६३ मध्ये जिम क्लार्कने तिच्यावर विश्वविजेतेपद मिळवले. तेव्हा तिला १५ इंची चाके होती. १९६४ मध्ये डनलॉपचे रुंद १३ इंची टायर आले. त्यांच्यासाठी लोटस ३३ ही पुढची गाडी आखली गेली आणि जुन्या २५ गाड्यांनाही तशीच चाके बसवली गेली. त्यामुळे १३ इंची चाकांवरची २५ बनावट ठरत नाही. मात्र ती १९६३ ची विजेती गाडी म्हणून मांडली असेल, तर चाके चुकली आहेत.

हबपासून सुरुवात

चाक तपासताना जाणकार आधी हब पाहतात. रिम बदलता येते, आरे नव्याने विणता येतात, पण चाक गाडीला कसे धरले आहे ही रचना सहसा बदलत नाही. जोडणीचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात हबवर दाते असतात आणि मधोमध एकच मोठा नट. त्याचे कान हातोडीने ठोकून तो सैल वा घट्ट करतात. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ कंपनीची ही पद्धत युरोपभर पसरली. तिचे हब ४२, ५२, ६२ मिलिमीटर अशा ठरावीक मापांनी ओळखले जातात, आणि छोट्या मापाचे चाक मोठ्या हबवर बसत नाही. चाक फिरताना नट आपोआप घट्ट व्हावा म्हणून दोन्ही बाजूंचे आटे उलट दिशांचे असतात. दुसऱ्या प्रकारात हबवरच्या खुंट्या चाकातल्या भोकांत शिरून जोर पोचवतात आणि मधला नट चाक फक्त जागेवर ठेवतो. तिसऱ्या प्रकारात चाक वर्तुळात बसवलेल्या बोल्टांनी किंवा स्टडांनी आवळलेले असते. हबचा प्रकार आणि चाकाचे वय जुळत नसेल, तर मध्ये जोडतुकडा घातला आहे का, हे पाहतात.

लाकडापासून तारेपर्यंत

पहिल्या ग्रांप्री गाड्यांची चाके लाकडी आऱ्यांची होती आणि ती हबवरून सहज निघत नसत. १९०६ मध्ये ल माँ येथे झालेली पहिली फ्रेंच ग्रांप्री रेनॉच्या फेरेन्स सिसने जिंकली, त्यात मिशलँच्या सुट्या रिमचा मोठा वाटा होता. पंक्चर झालेला टायर कापून काढत बसण्याऐवजी काही नट सोडून टायरसकट रिम बदलता येई. त्या काळच्या चाकाची ओळख म्हणजे लाकडी आरे आणि रिमच्या कडेने बसवलेल्या नटांची रांग.

पुढच्या काळात तारेची चाके आली. १९२५ मध्ये ग्रांप्री गाड्यांतून सोबतचा मेकॅनिक गेला, १९२७ पासून एकासनी बांधणीला वाट मोकळी झाली आणि १९३२ ची अल्फा रोमिओ टिपो बी ही खऱ्या अर्थाने एकासनी ग्रांप्री गाडी ठरली. या सगळ्या काळात तारेच्या चाकांचाच जोर होता. मिलानच्या कार्लो बोरानी यांच्या कंपनीने १९२२ पासून रज-व्हिटवर्थच्या परवान्यावर चाके बनवली. पुढे तिच्या ॲल्युमिनियमच्या रिमा मासेराती आणि फेरारीच्या गाड्यांची ओळख बनल्या.

तारेच्या चाकात आरे मोजावे लागतात : ४८, ६०, ७०, ७२. तारा किती ओळींत विणल्या आहेत, एकमेकींना कुठे छेदतात आणि रिमला मध्यावर भिडतात की कडेला, हेही पाहतात. रिमचा आडवा छेद तर थेट काळ सांगतो. १९२० च्या दशकापर्यंतच्या अनेक रिमांच्या कडा आत वळलेल्या असत. त्यांच्या टायरवर ७१० × ९० असे माप असे. पहिला आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा, दुसरा रुंदीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. नंतरच्या रिमला मधोमध खोल खाच आली आणि माप ५.००-१९ असे इंचांत लिहिले जाऊ लागले. यात पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा.

बुगाटीचा वेगळा मार्ग

१९२४ मध्ये लियाँच्या ग्रांप्रीत उतरलेली बुगाटी टाइप ३५ ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकांवर धावली. चाकाला आठ चपटे आरे आणि ब्रेकचा ड्रम त्यातच ओतलेला. चाक काढले की ड्रमही बाहेर येई आणि ब्रेक लगेच तपासता येई. तिची रिम वेगळी असून स्क्रूंनी बसवलेली होती. १९३१ च्या टाइप ५१ मध्ये रिम आणि आरे एकाच ओतकामात आले. दुरून ही दोन्ही चाके सारखी दिसतात. कडेची स्क्रूंची ओळ आहे की नाही, यावर निर्णय होतो. १९३३ च्या टाइप ५९ वर पुन्हा तारा आल्या, पण निराळ्या पद्धतीने. बारीक सरळ तारा फक्त वजन पेलत आणि ब्रेकचा व इंजिनाचा पीळ रिमच्या कडेचे दाते घेत. असे चाक दुसऱ्या गाडीवर दिसले, तर ते तिथे नंतर आले का, हे तपासावे.

मॅग्नेशियमचे युग

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टेड हॅलीब्रँड यांची मॅग्नेशियमची चाके इंडियानापोलिसच्या गाड्यांवर सर्वत्र दिसू लागली. पुढे इंजिन असलेल्या तिथल्या गाड्यांना पुढे १६ आणि मागे १८ इंची चाके हा रिवाज होता. १९६३ मध्ये मागे इंजिन असलेल्या लोटस-फोर्ड १५ इंची टायरांवर आल्या, तेव्हा इतरांनीही तसे टायर मागितले आणि वाद पेटला. म्हणून १९५० च्या दशकातल्या इंडियानापोलिसच्या गाडीवर चारही चाके १५ इंची दिसली, तर शंका घ्यावी.

ब्रिटनमध्ये कॉलिन चॅपमनच्या लोटस १२ ने १९५६ च्या अखेरीस नागमोडी पत्र्यासारखे दिसणारे मॅग्नेशियमचे चाक आणले. आऱ्यांऐवजी सलग तबकडी आणि तिला लाटांसारखे बाक, त्यामुळे कमी वजनात ताठपणा मिळे. लोटस १६, १८, २१ आणि २५ या गाड्यांवर हीच जात दिसते. इटलीत बदल उशिरा झाला. १९६१ ची विजेती फेरारी १५६ अजून बोरानीच्या तारांवर होती. १९६३ च्या १५६ वर ओतीव चाके आली. तारेच्या चाकाची रिम आऱ्यांच्या भोकांमुळे हवाबंद नसते आणि ट्यूब लागते. रुंद टायरांच्या काळात हीच उणीव अंगाशी आली.

रुंदी आणि व्यासाची घोडदौड

१९६० ते १९७० या दहा वर्षांत फॉर्म्युला वनमधल्या मागच्या रिमची रुंदी दुपटीहून अधिक वाढली, त्यामुळे रुंदी हा चांगला कालदर्शक ठरतो. व्यासही उपयोगी पडतो. १९६७ ची लोटस ४९ चारही बाजूंनी १५ इंची होती. १९७० च्या ४९-सी ची पुढची चाके १३ इंची झाली. १९७६ च्या टायरल पी ३४ ला पुढे चार १० इंची चाके होती. फॉर्म्युला फोर्डचे गणित साधे आहे. जुलै १९६७ मध्ये ब्रँड्स हॅच येथे सुरू झालेल्या या वर्गात खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी साडेपाच इंच रुंद, १३ इंची पोलादी चाकेच ठरवली होती. तेव्हाच्या गाडीवर मॅग्नेशियमचे चाक शोभेचे असू शकते, शर्यतीचे नव्हे.

धातू आणि नक्कल

मॅग्नेशियमची घनता १.७४, ॲल्युमिनियमची २.७०, म्हणजे त्याच आकाराचे मॅग्नेशियमचे चाक सुमारे एक तृतीयांशाने हलके भरते. आतल्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला, तर उघडे मॅग्नेशियम फेसाळते. ॲल्युमिनियम शांत राहते. जुन्या चाकावर क्रोमेट प्रक्रियेचा पिवळसर-तपकिरी थर अनेकदा सापडतो.

नव्याने ओतलेली चाके बाजारात पुष्कळ आहेत. जुन्या चाकालाच साचा मानून नवे ओतले, तर थंड होताना धातू आकसतो आणि ओतीव भाग मूळापेक्षा सुमारे एक टक्क्याने लहान निघतो. लेथवर कापलेली मापे बरोबर असतात, पण आऱ्यांची जाडी आणि कोपऱ्यांची गोलाई कमी भरते. अस्सल नमुना शेजारी ठेवून कॅलिपरने मोजल्यास हा फरक सापडतो. ओतकामातले उठावाचे आकडे, कारखान्याची खूण आणि रिमवरचा ठसा हेही पाहतात, पण ठशावर विसंबत नाहीत : बोरानी आजही जुन्या आराखड्यांवर चाके बनवते, त्यामुळे ठसा खरा आणि चाक नवे असे होऊ शकते.

छायाचित्रांचा पुरावा

सर्वात भरवशाचा पुरावा म्हणजे त्या शर्यतीतले छायाचित्र, पण तेही जपून वाचावे लागते. सरावाच्या आणि शर्यतीच्या दिवशी चाके वेगळी असू शकतात. पावसातले टायर वेगळ्या रिमवर असू शकतात. निगेटिव्ह उलटी छापली असेल, तर डावे-उजवे बदलते. गाडीचा क्रमांक आणि तारीख जुळल्यावर बाजूने घेतलेल्या चित्रात टायरचा बाहेरचा व्यास आणि रिमचा व्यास यांचे गुणोत्तर काढतात. बाहेरचा व्यास तोच असताना १३ इंची रिमवर टायरची भिंत उंच दिसते, १५ इंचीवर बसकी. टायरच्या भिंतीवरची अक्षरे वाचता आली, तर माप थेट मिळते.

नियम आणि सुरक्षितता

आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक शर्यतींसाठी एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक नियामक संस्थेच्या परिशिष्ट 'के' मध्ये गाड्यांचे कालखंड ठरवले आहेत. गाडीचा तपशील त्या कालखंडात प्रत्यक्ष वापरलेला असावा, ही त्याची मूळ अट. प्रत्येक गाडीच्या तांत्रिक पारपत्रात चाकांचा व्यास आणि रुंदी नोंदवलेली असते. जुन्या नक्षीचे टायरही त्यासाठीच अजून बनतात. डनलॉपचे 'एल' विभागाचे टायर हे त्यांतले सर्वपरिचित उदाहरण.

अस्सल चाक शर्यतीत वापरावे की नाही, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. मॅग्नेशियम ओलाव्याने खंगते आणि वारंवारच्या ताणाने त्यात केसासारख्या चिरा पडतात. म्हणून अशी चाके रंगीत भेदक द्रव लावून आणि गरज पडल्यास क्ष-किरणांनी तपासतात. अनेक मालक दोन संच ठेवतात : प्रदर्शनासाठी जुना, धावण्यासाठी त्याच आकाराचा नवा. अशा वेळी कोणता संच कोणत्या मोसमाचा, कुठून आला आणि कोणता नव्याने ओतला, याची नोंद गाडीच्या कागदपत्रांत ठेवली, तर पुढच्या मालकाला आणि अभ्यासकाला नक्कल अस्सल समजण्याचा धोका राहत नाही.