जावा : ज्वालामुखी आणि लोकवस्ती

इंडोनेशियाच्या एकूण भूमीपैकी जेमतेम सात टक्के भूमी जावा बेटाच्या वाट्यास आली आहे. तथापि २०२० च्या जनगणनेनुसार त्या देशाच्या २७ कोटी लोकांपैकी १५ कोटींहून अधिक लोक याच बेटावर राहतात. पश्चिमेस सुंदानी, मध्य व पूर्व भागांत जावानी आणि पूर्व किनाऱ्यालगत मदुरी, असे लोकांचे तीन मुख्य समूह आहेत.

या दाटीचे श्रेय ज्वालामुखीच्या राखेस देण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा नव्हे; मात्र सरसकट सर्वच राख सुपीक असते, असे नाही. मेरापी, केलुद इत्यादी ज्वालामुखींच्या राखेत सिलिका कमी व कॅल्शियम, मॅग्नेशियम अधिक असते. याउलट सुमात्रातील टोबा सरोवराभोवतीची राख सिलिकाप्रधान, आणि म्हणून तेथील जमीन निकस. मृदा आणि लोकसंख्येची घनता यांमधील हा संबंध डच मृदाशास्त्रज्ञ मोर यांनी १९३८ मध्ये स्पष्ट केला.

राखेतील सत्त्व भाताच्या खाचरांपर्यंत पोहोचविण्याचे काम पाणी करते. केलुदला वळसा घालून वाहणारी ब्रांतास नदी हे याचे उत्तम उदाहरण होय. पण ज्या उतारांवरून गाळ येतो, त्यांवरूनच संकटही येते. १९१९ मध्ये केलुदच्या मुखातील सरोवराचे पाणी उद्रेकाने बाहेर फेकले गेले आणि चिखलाच्या लोंढ्यात पाच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा लोंढ्यास जावानी भाषेत ‘लहार’ म्हणतात. तोच शब्द आता शास्त्रात रूढ झाला आहे. पुढे बोगदे खणून सरोवराची पातळी उतरविण्यात आली.

तरीही एक प्रश्न उरतो. १८१५ च्या सुमारास रॅफल्स यांच्या कारकिर्दीत झालेल्या गणनेत जावाची लोकसंख्या सुमारे ४६ लाख भरली. ही गणना कमी भरली असावी, हे मान्य केले, तरी १९३० मध्ये मदुरासह ती चार कोटींवर गेली होती. एवढ्या अवधीत राख तर बदलली नाही! बदलली ती राज्यव्यवस्था. १८३० पासून डचांनी सक्तीची लागवड सुरू केली. भाताच्या खाचरांतच आळीपाळीने ऊस आला, कालवे वाढले आणि गावाच्या श्रमांवर सरकारी मागणीचा बोजा पडला. त्याच खाचरात अधिकाधिक हात सामावले गेले, असा सिद्धांत क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३ मध्ये मांडला. गावांतील जमीनधारणेची विषमता त्यात झाकली जाते, हा त्यावरील आक्षेप मात्र रास्त वाटतो. १९०५ पासून जावातील कुटुंबे सुमात्रातील लाम्पुंग येथे वसविण्यात आली. परंतु जावावरील भार त्यामुळे फारसा हलका झाला नाही.

आज सर्वाधिक दाटी जाकार्ता आणि तिच्या परिसरात आहे. तेथे माणसे ओढली जातात ती कारखान्यांमुळे व कचेऱ्यांमुळे, आणि भाताची खाचरे घरांखाली जात आहेत.