युरोपचा हरित करार: ऐकीव काय आणि खरं काय

युरोपच्या पर्यावरण धोरणाबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकू येतात. एका मते युरोप साऱ्या जगाला वाट दाखवतो आहे. दुसऱ्या मते पर्यावरणाच्या नादात त्याने स्वतःचे उद्योग बुडवले आणि आता तो माघार घेतो आहे. दोन्ही मतं अर्धवट माहितीवर बेतलेली आहेत.

युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी डिसेंबर २०१९ मध्ये 'हरित करार' हा पर्यावरण धोरणाचा आराखडा जाहीर केला. त्यानंतर कोरोनाची साथ आली, युक्रेनवर रशियाने हल्ला केला, गॅसचे भाव भडकले, शेतकरी रस्त्यावर उतरले. या सगळ्यातून जाताना धोरण बदललं आणि त्याबद्दलच्या समजुतीही वाढल्या. त्या नीट तपासल्या, तर पुढची कामं कोणती हे स्पष्ट होतं. वीजनिर्मिती स्वच्छ करण्याचं काम युरोपने बरंच पुढे नेलं आहे आणि ते मर्यादित संख्येच्या वीज केंद्रांमध्ये करायचं होतं. उरलेलं काम कोट्यवधी घरांत, गाड्यांत आणि शेतांत करायचं आहे. तिथे सामान्य माणसाला सोबत घेतल्याशिवाय एक पाऊलही टाकता येणार नाही.

गैरसमज १: युरोप थंड प्रदेश, त्याला तापमानवाढीची काय झळ लागणार?

वस्तुस्थिती: सगळ्यात वेगाने तापणारा खंड युरोपच आहे. १९८० च्या दशकापासून तिथलं तापमान जागतिक सरासरीच्या जवळपास दुप्पट वेगाने वाढतं आहे. २००३ च्या उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या लाटेत सुमारे ७० हजार माणसं दगावली. २०२२ च्या उन्हाळ्यातल्या बळींचा अंदाज ६० हजारांच्या वर आहे. त्याच वर्षी ऱ्हाइन नदीचं पाणी इतकं खाली गेलं, की मालवाहू बोटींना अर्धवट भरून जावं लागलं. फ्रान्समध्ये नद्यांचं पाणी तापल्यामुळे काही अणुभट्ट्यांची निर्मिती कमी करावी लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेनच्या वॅलेन्सिया भागातल्या पुराने दोनशेहून अधिक जीव घेतले. घरं, रुग्णालयं, नद्या आणि शहरं या बदललेल्या हवामानासाठी तयार करणं हा इतकी वर्षं मागे राहिलेला विषय आता पहिल्या रांगेत आला आहे.

गैरसमज २: हरित करार गुंडाळला गेला.

वस्तुस्थिती: काही नियम सैल झाले, हे खरं आहे. २०२४ च्या सुरुवातीला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन ब्रसेल्समध्ये धडकले आणि कीटकनाशकांचा वापर निम्म्यावर आणणारा प्रस्ताव आयोगाने मागे घेतला. जंगलतोड करून पिकवलेल्या मालाला अटकाव करणाऱ्या कायद्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. कंपन्यांनी द्यायच्या पर्यावरण अहवालांच्या अटी कमी झाल्या.

पण कणा शाबूत आहे. २०२१ च्या हवामान कायद्यानुसार १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जनात किमान ५५ टक्के नक्त घट आणि २०५० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जन बंधनकारक आहे. २०४० साठी ९० टक्के घटीच्या उद्दिष्टावर सदस्य देश आणि युरोपीय संसद यांच्यात २०२५ च्या अखेरीस एकमत झालं. त्यात २०३६ पासून पाच टक्क्यांपर्यंतचा वाटा परदेशात झालेल्या उत्सर्जन घटीची कार्बन क्रेडिट घेऊन भरून काढण्याची मुभा आहे. ही सवलत मला चुकीची वाटते, कारण तेवढं काम घरात न करता बाहेर ढकललं जाईल. तरीही ही गुंडाळागुंडाळ नाही.

गैरसमज ३: उत्सर्जन घटवायचं तर अर्थव्यवस्थेच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा लागतो.

वस्तुस्थिती: १९९० ते २०२३ या काळात युरोपीय महासंघाचं नक्त उत्सर्जन ३७ टक्क्यांनी घटलं आणि अर्थव्यवस्था ६८ टक्क्यांनी वाढली. यावर लगेच विचारलं जातं, 'कारखाने चीनला पाठवून आकडे सुधारले असतील?' आयात मालामागचं उत्सर्जन युरोपच्या खात्यावर मांडलं, तर घट कमी दिसते, पण तीही घटच आहे.

यामागचं एक मोठं कारण म्हणजे २००५ मध्ये सुरू झालेली कार्बन परवान्यांची बाजारपेठ. वीज केंद्रं आणि मोठ्या कारखान्यांनी सोडलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे एक परवाना जमा करावा लागतो आणि परवान्यांची एकूण संख्या दरवर्षी कमी केली जाते. प्रदूषणाला किंमत आली, की मालक स्वतःहून पर्याय शोधू लागतो. २०२४ मध्ये महासंघाच्या वीजनिर्मितीत सौरऊर्जेचा वाटा ११ टक्के होता आणि कोळशाचा १० टक्के. सौरऊर्जेने कोळशाला मागे टाकलं ते पहिल्यांदाच.

गैरसमज ४: जर्मनीने अणुभट्ट्या बंद केल्या आणि कोळसा जवळ केला.

वस्तुस्थिती: शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ रोजी बंद झाल्या. गॅसटंचाईच्या २०२२ या वर्षात जर्मनीत कोळशाचा वापर वाढला होता, त्यावरून हा समज पसरला. प्रत्यक्षात २०२३ मध्ये तिथली कोळशाची वीज झपाट्याने घटली आणि २०२४ मध्ये आणखी घटली. निम्म्याहून अधिक वीज आता वारा, ऊन, पाणी आणि जैवइंधन यांतून येते. अणुभट्ट्या चालू ठेवल्या असत्या तर कोळसा आणखी लवकर हटला असता, ही टीका मात्र रास्त आहे.

गैरसमज ५: स्पेन अंधारात गेला, तो सौरऊर्जेमुळे.

वस्तुस्थिती: २८ एप्रिल २०२५. दुपारचे बारा वाजून तेहतीस मिनिटं. काही सेकंदांत स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली. मेट्रो बोगद्यात थांबल्या, सिग्नल बंद पडले, लोक लिफ्टमध्ये अडकले. ऊन कडक होतं आणि सौरनिर्मिती भरात होती, त्यामुळे दोष तिच्यावर टाकून अनेकजण मोकळे झाले.

चौकशीत वेगळं चित्र पुढे आलं. ग्रिडमधला विद्युतदाब वाढत गेला. दाब मर्यादेबाहेर गेला, की यंत्रणेला इजा होऊ नये म्हणून वीज प्रकल्प आपोआप ग्रिडपासून तुटतात. एक प्रकल्प तुटला की दाब आणखी वाढायचा आणि पुढचा तुटायचा. अशी साखळी लागली. दाब आवरण्याचं काम ज्या पारंपरिक वीज केंद्रांकडे सोपवलं होतं, त्यांनी ते पुरेसं केलं नाही, असं स्पेन सरकारच्या अहवालात म्हटलं आहे. दाब आवरण्याची क्षमता असलेली केंद्रंही त्या दिवशी कमीच नेमलेली होती. दुसरीकडे, तिथल्या जुन्या नियमांत सौर आणि पवन प्रकल्पांना हे काम करण्याची मुभाच नव्हती. आधुनिक इन्व्हर्टर ते करू शकतात, पण नियम काळाबरोबर बदलले नव्हते. दुर्घटनेनंतर ते बदलले. फ्रान्स आणि मोरोक्कोकडून वीज घेऊन, जलविद्युत केंद्रं चालू करत, दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत ग्रिड उभी राहिली.

धडा ग्रिडचा आहे. युरोपातल्या वितरण वाहिन्यांपैकी सुमारे ४० टक्के वाहिन्या चाळीस वर्षांहून जुन्या आहेत. २०३० पर्यंत ग्रिडवर ५८४ अब्ज युरो खर्च करावे लागतील, असा आयोगाचा अंदाज आहे. स्पेन आणि फ्रान्स यांना जोडणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या आहेत, म्हणून बिस्केच्या उपसागरातून समुद्राखालून नवी केबल टाकली जात आहे. सौर पॅनेल लावताना फोटो निघतात, तारा आणि ट्रान्सफॉर्मर बदलताना कोणी येत नाही. तरीही पुढच्या दहा वर्षांतलं सगळ्यात निकडीचं काम हेच आहे.

गैरसमज ६: हरित धोरणामुळेच वीज आणि इंधन महागलं.

वस्तुस्थिती: २०२२ ची महागाई मुख्यतः गॅसची होती. युरोपच्या वीजबाजारात मागणी पूर्ण करण्यासाठी जे शेवटचं महाग केंद्र चालवावं लागतं, त्याचा दर त्या वेळी सगळ्यांना मिळतो. ते केंद्र बहुतेकदा गॅसचं असतं. रशियाने पुरवठा आवळला, गॅस कडाडला आणि वीज त्याच्यामागे गेली. महासंघ आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक ऊर्जा आयात करतो. खरा धोका तिथे आहे.

'थंडीत हीट पंप चालत नाहीत' हा याच्याच जोडीचा समज. हीट पंप म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारं यंत्र. युरोपात घरांच्या मानाने ते सगळ्यात जास्त आहेत ते नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या कडाक्याच्या थंडीच्या देशांत. अडचण सुरुवातीच्या खर्चाची आहे. भाड्याच्या जुन्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला तो झेपत नाही आणि घरमालकाला त्याची गरज वाटत नाही. घरं तापवण्याच्या आणि वाहनांच्या इंधनावरही कार्बनची किंमत लागू व्हायची आहे. ती आता २०२७ ऐवजी २०२८ मध्ये लागू होईल. त्या पैशातून गरजू घरांना मदत देण्यासाठी सामाजिक हवामान निधी उभारला जात आहे. आधी बिल आणि मग मदत असा क्रम लागला, तर लोक पाठ फिरवतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

गैरसमज ७: २०३५ नंतर युरोपात पेट्रोल गाडी चालवता येणार नाही.

वस्तुस्थिती: तो नियम नव्या गाड्यांच्या विक्रीपुरता आहे. घरात असलेली किंवा जुनी घेतलेली गाडी चालवायला बंदी नाही. मूळ नियमात नव्या गाड्यांच्या धुरातलं कार्बन डायऑक्साइड शंभर टक्के घटवायचं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये आयोगाने ते प्रमाण ९० टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला.

गैरसमज ८: कार्बन सीमा शुल्क म्हणजे भारतावर लादलेला कर.

वस्तुस्थिती: 'सीबॅम' नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाली. ती पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज यांच्यासाठी आहे आणि मोजके अपवाद सोडले तर सगळ्या देशांच्या मालाला लागू आहे. पैसे भारतीय कारखानदाराकडून नव्हे, तर युरोपातल्या आयातदाराकडून घेतले जातात. अर्थात तो आयातदार भाव पाडून मागेल, त्यामुळे झळ इथे पोचणारच.

'पहिल्या वर्षी फक्त अडीच टक्केच भार आहे' असंही सांगितलं जातं. ते निम्मं खरं आहे. युरोपातल्या कारखान्यांना ठरावीक मानकापर्यंतचे परवाने आजवर फुकट मिळत होते. ही सवलत २०२६ मध्ये अडीच टक्क्यांनी कमी झाली आणि २०३४ पर्यंत ती शून्यावर येईल. आयात मालालाही तितकीच वजावट मिळते. पण मानकाच्या वर जितकं उत्सर्जन असेल, त्याची किंमत पहिल्या वर्षापासून पूर्ण द्यावी लागते. भारतातलं बरंचसं पोलाद कोळशावर तयार होतं, त्यामुळे हा फरक आपल्यासाठी मोठा आहे.

नट-बोल्ट आणि पाइपही या यादीत आहेत. म्हणजे महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतीतून असा माल युरोपला पाठवणाऱ्या लघुउद्योजकालाही आपल्या पोलादामागचं उत्सर्जन पुरवठादाराकडून मागून घ्यावं लागेल. खरा आकडा दिला नाही, तर आयोगाने ठरवलेला चढा आकडा धरला जातो. वर्षाला पन्नास टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदाराला मात्र सूट आहे. देशात कार्बनची किंमत भरलेली असेल, तर तीही वजा होते. म्हणून भारताची स्वतःची कार्बन बाजारपेठ लवकर उभी राहणं आपल्या हिताचं आहे. गरीब देशांना तंत्रज्ञान आणि पैसा न देता फक्त अटी घालणं अन्यायाचं आहे, हा आक्षेप मात्र पूर्ण खरा आहे आणि युरोपने त्याचं उत्तर द्यायला हवं.

गैरसमज ९: निसर्ग वाचवायचा म्हणजे शेतकऱ्याची जमीन काढून घ्यायची.

वस्तुस्थिती: ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झालेल्या निसर्ग पुनर्स्थापना कायद्यानुसार २०३० पर्यंत महासंघाच्या किमान २० टक्के भूभागावर आणि तितक्याच समुद्रात सुधारणेची कामं हाती घ्यायची आहेत. ही जमीन कुंपण घालून बंद करायची नाही. बांधावर झाडं लावणं, ओढ्याचं पात्र मोकळं करणं, मधमाश्यांना जगता येईल अशी मशागत करणं, हेही याच कायद्यात बसतं. किमान २५ हजार किलोमीटर नद्या अडथळ्यांविना वाहत्या करणं हे त्यातलं एक उद्दिष्ट आहे. गरजही तितकीच आहे. युरोपात संरक्षित अधिवासांपैकी ८१ टक्के वाईट स्थितीत आहेत आणि ६० ते ७० टक्के मातीचं आरोग्य बिघडलेलं आहे. माती आणि परागण गेलं, तर पहिला फटका शेतकऱ्यालाच बसेल.

विश्वास कसा मिळवता येतो, हे डेन्मार्कने दाखवलं. तिथे सरकार, शेतकरी संघटना आणि पर्यावरण संस्था यांनी २०२४ मध्ये एकत्र बसून करार केला. गुरांच्या उत्सर्जनावर २०३० पासून कर लागेल, पण त्यात ६० टक्के वजावट आहे आणि जमिनीचा वापर बदलणाऱ्यांसाठी मोठा निधी राखून ठेवला आहे. आधी चर्चा, मग पैसा, मग कर, असा तो क्रम आहे.

पुढचा प्राधान्यक्रम

हे सगळं एकत्र पाहिलं, तर पुढच्या कामांची यादी अशी होते: बळकट ग्रिड, परवडणारी उबदार घरं, पाणी आणि माती, बदलत्या हवामानापासून बचाव आणि व्यापारात न्याय. यांपैकी एकही काम नुसतं उद्दिष्ट जाहीर करून होणार नाही. त्याला पैसा लागेल. महासंघाच्या २०२८ ते २०३४ च्या अंदाजपत्रकावर सध्या घासाघीस चालू आहे. आयोगाच्या प्रस्तावात हवामान आणि पर्यावरणासाठी ३५ टक्के खर्चाचं लक्ष्य आहे, पण १९९२ पासून पर्यावरण आणि हवामानासाठी चालत आलेला 'लाइफ' हा स्वतंत्र कार्यक्रम बंद करून तो पैसा स्पर्धात्मकतेच्या मोठ्या निधीत मिसळायचा आहे. तसं झालं, तर नदी आणि माळरान यांना कारखान्यांशी एकाच रांगेत उभं राहून पैसा मागावा लागेल, आणि त्या रांगेत त्यांच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं. युरोप माघार घेतो आहे की पुढे जातो आहे, याचं उत्तर या अंदाजपत्रकात मिळेल. लक्ष तिकडे ठेवायला हवं.