झाडावरचा आंबा आणि झाडावरचा पक्षी

पुणे जिल्ह्यातल्या केंदूर-पाबळ भागातली मुलं बारावी किंवा आयटीआय करून रांजणगाव, सणसवाडी, चाकणच्या कारखान्यांत नोकरी शोधतात. मुलाखतीत इंग्रजी बोलताना ती अडतात, ती बहुतेकदा इन, ऑन, अप, ऑफ या चिमुकल्या शब्दांपाशी. ही अडचण बुद्धीची नाही, काही जुन्या गैरसमजांची आहे.

गैरसमज: फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला अप, ऑफ असा शब्द जोडून वेगळा अर्थ देणं, ही इंग्रजीचीच भानगड, मराठीत तसं काही नाही.

वस्तुस्थिती: आपण दिवसभर हेच बोलतो. ‘लागणे’ वेगळं, ‘मागे लागणे’ वेगळं. तक्रार ‘मागे घेतली’ म्हणताना कोणी काही पाठीमागे नेत नाही. ‘खाल्लं’ आणि ‘खाऊन टाकलं’ यांतला फरक शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही कळतो. ‘ईट’ आणि ‘ईट अप’ यांत जवळपास तोच फरक आहे. इथला ‘अप’ गोष्ट पुरती संपल्याचं सांगतो. उन्हाळ्यात विहीर पार आटली, की ‘द वेल हॅज ड्राइड अप’. ‘यूज अप’मध्येही तोच अर्थ. म्हणजे यादी घोकण्यापेक्षा हा धागा पकडणं सोपं.

गैरसमज: ‘वर’ म्हणजे ऑन, ‘आत’ म्हणजे इन.

वस्तुस्थिती: झाडाला लागलेला आंबा ‘ऑन द ट्री’, पण झाडावर बसलेला पक्षी ‘इन द ट्री’, तो फांद्या-पानांच्या आत आहे, असं इंग्रजी मानतं. आपण एसटीत बसतो आणि जीपमध्येही बसतो. इंग्रजीत मात्र ‘ऑन द बस’ आणि ‘इन द जीप’. असंच शब्दाला शब्द लावताना ‘कशाविषयी चर्चा’ या मराठी सवयीनं ‘डिस्कस अबाउट’ तोंडात येतं. तिथं अबाउट नकोच.

गैरसमज: शब्द बरोबर असले की क्रम कसाही चालतो.

वस्तुस्थिती: पंपाची मोटर बंद करायला ‘टर्न ऑफ द मोटर’ चालतं, ‘टर्न द मोटर ऑफ’ही चालतं. पण मोटरच्या जागी ‘इट’ आलं, की फक्त ‘टर्न इट ऑफ’.

गैरसमज: वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन (इन, ऑन, फॉर असा शब्द) आलं की वाक्य अशुद्ध.

वस्तुस्थिती: 1672 मध्ये जॉन ड्रायडन या कवीनं बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला, आणि पुढं तो आक्षेपच नियम म्हणून मिरवला. ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉर?’ हे शुद्ध, रोजचं इंग्रजी आहे.

शिक्षकांना विनंती एवढीच: याद्या पाठ करून घेऊ नका. विहीर, एसटी, मोटर यांवर मुलांकडून रोज दोन-चार वाक्यं बोलून घ्या.