थडगे नसलेला नाईक

रायगडमधील माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीतील त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात कोसळली. २२ वर्षांचे घाडगे एकटेच धावून गेले, शत्रूचे ठाणे निकामी केले आणि तिथेच गोळी लागून पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. थडगे मात्र नाही, कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव. २०२३ साली इटलीतील मोंतोने येथे त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभे राहिले. आपण मात्र अशांना परक्या साम्राज्याचे शिपाई म्हणून इतिहासाच्या उंबऱ्याबाहेरच ठेवले. ते युद्ध कुणाचे होते, हे मी विचारणारच. पण राज्यकर्त्यांना, माणगावच्या या पोराला नव्हे.